देहाचे घड्याळ आणि औषधाची वेळ

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आपल्या चिकित्सालयांत एक ठराविक प्रश्न कानी पडू लागतो. मुलगा अथवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झालेली असते, आईवडील तीन-चार महिन्यांसाठी तिकडे निघालेले असतात आणि निघण्यापूर्वी ते विचारतात, “वैद्यराज, तिकडे पोचल्यावर आठ-दहा दिवस रात्री झोपच येत नाही, भूक भलत्याच वेळी लागते, पोटही साफ होत नाही. काही देता येईल का?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या शास्त्रात आहे. परंतु या प्रश्नाचा विचार करताना आमचे लक्ष वारंवार एका दुसऱ्या रुग्णाकडे जाते. त्याने विमान केवळ आकाशात पाहिलेले असते आणि तरीही त्याच्या देहाची तीच अवस्था झालेली असते. तो रुग्ण म्हणजे आपल्या भिवंडीचा रातपाळीचा यंत्रमाग कामगार. प्रस्तुत लेखात या दोघांचा एकत्रित विचार करून आपल्या औषधयोजनेतील एका त्रुटीकडे वैद्यबंधूंचे व औषधविक्रेत्यांचे लक्ष वेधण्याचा आमचा हेतू आहे.

देहातील घड्याळ

देहाच्या क्रियांना अहोरात्राची लय असते, हे आपल्याला नवे नाही. दिवसाच्या आणि रात्रीच्या प्रारंभी कफ, मध्ये पित्त आणि शेवटी वात प्रबळ असतो, हा अष्टांगहृदयातील सिद्धांत आपण पहिल्या वर्षी शिकलो. आधुनिक शास्त्राने हीच लय निराळ्या मार्गाने शोधली. मेंदूच्या तळाशी, दृष्टिनाड्या जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशावरून तो दिवस-रात्र ओळखतो आणि निद्रा, देहोष्मा, अंतःस्राव यांच्या वेळा सांभाळतो. अंधार पडला की पीनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन स्रवू लागते, उजेड झाला की ते थांबते. यकृत, आतडी, स्नायू यांनाही स्वतःची उपघड्याळे असतात आणि ती मुख्यतः जेवणाच्या वेळांवर चालतात. पेशीच्या आत हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा फळमाशीवरील प्रयोगांतून करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पारितोषिकानंतर आपल्या व्यासपीठांवरून “हे तर आमच्या ऋषींनी आधीच सांगितले होते” असे उद्गार पुष्कळ ऐकू आले. आमचे मत थोडे वेगळे आहे. ग्रंथकारांनी निरीक्षणातून लय ओळखली आणि तिला धरून आचरण सांगितले, हे त्यांचे मोठे कार्य होय. जनुकांचा शोध त्यांनी लावला नव्हता आणि तसा दावा करण्याची त्यांना गरजही नाही. खरा प्रश्न आपल्यासाठी आहे. ज्या लयीचा आपण अभिमान बाळगतो, ती लय बिघडलेला रुग्ण समोर बसला असता आपण त्याच्यासाठी नेमके काय करतो?

प्रवास आणि प्रवासाचा वेग

आपल्या शेजारच्या कल्याणात बालपण गेलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. दोन्ही ठिकाणच्या सूर्योदयात दहा तासांहून अधिक अंतर, परंतु ते सुमारे दोन महिन्यांत विभागले गेले. म्हणजे दिवसाला सरासरी दहा-बारा मिनिटे. एवढा बदल देहाला कळतही नाही. त्या प्रवासाचे हाल निराळे होते, पण त्यात घड्याळ बिघडण्याचा त्रास नव्हता. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाची मुंबई-लंडन विमानसेवा सुरू झाली, १९६० साली तिची जेट विमाने न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली आणि देहाला जो बदल पचवायला आठवडे मिळत होते तो एका दिवसावर आला. आज आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कात उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारचे साडेबारा असतात. प्रवासी तेथे पोचतो, मनगटावरचे घड्याळ बदलतो, पण यकृत आणि आतडी भिवंडीच्याच वेळेवर चाललेली असतात. डोके झोपू पाहते तेव्हा पोट जेवण मागते. डोळ्यांना मिळणारा प्रकाश मुख्य घड्याळाला हळूहळू सरकवतो. स्थूलमानाने एका तासाच्या फरकाला एक दिवस लागतो, म्हणून अमेरिकेला गेलेल्यांचे आठ-दहा दिवस असे जातात.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. अंतर आणि वेळेतील फरक या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या गावातून विमानाने जाणाऱ्यांत आखातात नोकरीस जाणारे आणि हज-उमऱ्यास जाणारेही असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, सौदी अरेबिया अडीच तास. एवढ्याने घड्याळ फारसे बिघडत नाही. या प्रवाशांची तक्रार असते ती जागरणाची, वेगधारणाची, विमानातील रूक्ष हवेची आणि अध्वश्रमाची, म्हणजे शुद्ध वातप्रकोपाची. त्यांना अभ्यंग, उष्णोदक, स्निग्ध व लघु आहार आणि एक रात्र शांत झोप एवढे बहुधा पुरते. अमेरिकेच्या प्रवाशाचा प्रश्न याहून खोल असतो, कारण त्याच्या अग्नीची वेळच चुकलेली असते. भूक नसता स्थानिक वेळ झाली म्हणून जेवणे हे अजीर्णाशन आणि मध्यरात्री भूक लागली म्हणून जे हाती लागेल ते खाणे हे विषमाशन होय. अशा रुग्णाला निद्राजनक औषधापूर्वी अग्नीची व्यवस्था हवी. पहिले दोन-तीन दिवस स्थानिक वेळेनुसार, परंतु अल्प आणि द्रवप्राय भोजन. दिवसा उघड्यावर उजेडात फिरणे. दुपारी फार तर अर्धा तास विश्रांती. रात्री पादाभ्यंग आणि अंधार. औषध यानंतर येते.

विमान न चढलेला प्रवासी

आता आपल्या गावाकडे वळू. पद्मानगर, शांतीनगर, कामतघर, नारपोली, खोणी, शेलार या भागांत रात्री दोन वाजता फिरले तरी मागांचा खडखडाट थांबलेला नसतो. येथील अनेक कारखान्यांत बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात आणि आठवड्याने किंवा पंधरवड्याने त्या बदलतात. अलीकडे काल्हेर, पूर्णा, माणकोली, राहनाळ या पट्ट्यातील गोदामांतूनही रात्रभर माल चढतो-उतरतो. रात्री झोपणारा मनुष्य दिवसा झोपू लागला की त्याच्या देहाने बारा तासांचे अंतर कापलेले असते. हे अंतर मुंबई-न्यूयॉर्क फरकापेक्षाही अधिक आहे. अमेरिकेला गेलेल्या आजोबांना दहा दिवसांत नवी वेळ अंगवळणी पडते. मागावरच्या कामगाराची पाळी त्याच सुमारास उलटते आणि त्याचा परतीचा प्रवास सुरू होतो. वर्षानुवर्षे तो असा जातो-येतो आहे.

शिवाय या प्रवाशाला एक मोठी अडचण आहे. अमेरिकेत सूर्यच नव्या वेळेला उगवतो, त्यामुळे प्रकाश प्रवाशाच्या मदतीला येतो. रातपाळीवाला सकाळी कारखान्याबाहेर पडतो तो थेट उन्हात, आणि ते ऊन त्याच्या मेंदूला सांगते की दिवस सुरू झाला. मग पत्र्याच्या छपराखाली, एका खोलीत सहा-आठ जण, बाहेर मागांचा आवाज, अशा स्थितीत त्याने झोपायचे. त्याचे घड्याळ रात्रीशी कधीच पुरते जुळत नाही आणि दिवसाशीही जुळलेले राहत नाही.

याचे परिणाम आपण रोज पाहतो. अम्लपित्त, विबंध, अर्श, शिरःशूल, कटिशूल, चिडचिड, अकाली प्रमेह. रात्री घेतलेल्या अन्नातील साखर देहाला दिवसाइतकी चांगली हाताळता येत नाही आणि दीर्घकाळ रातपाळी करणाऱ्यांत मधुमेह व हृद्रोग अधिक आढळतात, हे आता सर्वमान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २००७ साली देहाची लय बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाची गणना ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात केली आणि २०१९ च्या फेरविचारात रातपाळीला त्याच वर्गात ठेवले. विषय किती गंभीर आहे हे यावरून ध्यानी यावे.

आणि अशा रुग्णाच्या हाती आपण काय देतो? ‘ब्राह्म मुहूर्तावर उठावे’ असे छापलेले दिनचर्येचे पत्रक. त्या मुहूर्तावर तो मागाशेजारी तुटलेला धागा जोडत उभा असतो. वाग्भटांनी तो उपदेश स्वस्थासाठी सांगितला आहे, हे आपण विसरतो. अस्वस्थासाठी त्यांनीच दुसरे काही सांगून ठेवले आहे.

जागरणानंतरची निद्रा

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, निद्रेच्या प्रकरणात, एक अत्यंत व्यवहार्य सूचना आहे. सवय नसता रात्री जागरण घडले तर जेवढा वेळ जागरण झाले त्याच्या अर्धा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी झोपावे आणि ते न जेवता. चरकानेही दिवास्वापाचा निषेध करताना जागरणाने, श्रमाने व प्रवासाने थकलेल्यांना त्यातून वगळले आहे. म्हणजे रातपाळीवाल्याची दिवसाची झोप शास्त्रसंमत आहे. तिला सरसकट दिवास्वाप ठरवून ‘दिवसा झोपू नका’ असे त्याला सांगणे हा शास्त्राचा विपर्यास होय.

यातील ‘न जेवता’ हा शब्द आपल्या गावासाठी फार मोलाचा आहे. आपला कामगार सकाळी सुटतो, भिशीवर, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत जातो, पोटभर डाळभात, भाजी, कधी मांसरस असे जेवतो आणि तसाच झोपतो. रात्रभर चहा आणि तंबाखूवर ताणलेल्या कोठ्यात गुरु आहार आणि त्यावर लगेच निद्रा! अम्लपित्त आणि प्रमेह यांना याहून उघड आमंत्रण कोणते असेल? बारा तास उभ्याने काम केलेल्या मनुष्याला उपाशी झोपा असे सांगणे मात्र निष्ठुरपणाचे आहे आणि तो ते ऐकणारही नाही. आमचा अनुभव असा की मध्यम मार्ग चालतो. सकाळी सुटल्यावर पेज, मऊ भात किंवा मुगाचे कढण एवढेच घ्यावे. तोंड-हातपाय धुऊन, तळपायांना तेल चोळून, डोळ्यांवर काळे फडके बांधून झोपावे. दुपारी उठल्यावर मुख्य जेवण करावे. पाळीवर जाण्यापूर्वी हलके खावे आणि मध्यरात्रीनंतर चहा टाळावा. खर्च काहीच नाही. भिशी चालवणाऱ्या भगिनींना एकदा समजावून सांगितले तर सकाळच्या पंगतीसाठी पेजेचे पातेले चढवणे त्यांनाही अवघड नाही.

औषधसेवनकाल: आपण सोडून दिलेले सूत्र

आता मुख्य मुद्दा. काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक तरुण माग कामगार आला. त्याला मलावरोधासाठी कोणा वैद्यमित्राने गंधर्वहरीतकी दिली होती. पुडीवर लिहिले होते, ‘रात्री, कोमट पाण्यासह’. त्याने आज्ञा तंतोतंत पाळली. रात्री नऊ वाजता, पाळी सुरू झाल्यावर, कारखान्याच्या नळावर चूर्ण घेतले. पहाटे काय व्हायचे ते झाले. माग दोनदा बंद ठेवावे लागले, मजुरी मीटरवर असल्याने ती बुडाली, मुकादमाची बोलणी खावी लागली. तेव्हापासून “आयुर्वेदिक दवा हमको सूट नहीं करता” असे त्याचे ठाम मत झाले होते. औषध योग्य होते, मात्रा योग्य होती. ‘रात्री’ या एका शब्दाने घात केला.

वाग्भटांनी औषधाचे दहा काल सांगितले आहेत. त्यांची यादी पुन्हा डोळ्यांखालून घालावी. अनन्न, भोजनाच्या आधी, मध्ये, शेवटी, दोन घासांच्या मध्ये, प्रत्येक घासासह, वारंवार, अन्नात मिसळून, भोजनाच्या आधी व नंतर असे दोन्ही वेळा, आणि रात्री. दहांपैकी घड्याळाशी अथवा सूर्याशी थेट बांधलेला काल एकच, रात्रीचा. बहुतेक सारे काल भोजनाला, म्हणजे पर्यायाने अग्नीला बांधलेले आहेत. ही योजना अशी आहे की रुग्ण कोणत्याही पाळीत असो, कोणत्याही देशात असो, ती चुकत नाही. अपानाच्या विकारात भोजनापूर्वीचे औषध न्यूयॉर्कातही भोजनापूर्वीच घ्यायचे आणि कामतघरातही. रमजानच्या महिन्यात सहेरी आणि इफ्तार यांना धरून औषध देतानाही हेच सूत्र उपयोगी पडते.

एवढे उत्तम सूत्र हाताशी असता आपण ‘सकाळ-संध्याकाळ’ आणि ‘दिवसातून तीन वेळा’ यांवर कधी आलो? पेटंट औषधांच्या वेष्टनांवर जे छापलेले असते तेच आपण चिठ्ठीवर लिहू लागलो. औषधविक्रेते बंधूंनी त्यावर सूर्य-चंद्राची चित्रे काढली. ज्याला मराठी वाचता येत नाही, केवळ उर्दू, हिंदी किंवा तेलुगू येते, त्याच्यासाठी चित्र हवेच. परंतु रातपाळीवाल्याला चंद्राचे चित्र कामाची वेळ सांगते आणि सूर्याचे चित्र झोपेची!

काय करता येईल

आमच्या सूचना अगदी साध्या आहेत.

पहिली, केसपेपरवर नाव, वय, व्यवसाय यांच्याखाली कामाच्या वेळेचा एक रकाना असावा. ‘पाळी’ हा रकाना आपण आजवर स्त्रियांच्याच कागदावर ठेवला. तो दुसऱ्या अर्थाने पुरुषांच्याही कागदावर यावा. आणि स्त्रियांना तो प्रश्न दोन्ही अर्थांनी विचारावा. रात्रपाळीच्या परिचारिका तर आहेतच, पण ज्या घरात पती रातपाळीला आणि मुलगा दिवसपाळीला, तेथील गृहिणी दोन्ही वेळचे डबे करते आणि तिची झोप कोणीच मोजत नाही.

दुसरी, चिठ्ठीवर ‘सकाळी’ऐवजी ‘झोपून उठल्यावर’, ‘रात्री’ऐवजी ‘झोपण्यापूर्वी’, ‘दुपारी’ऐवजी ‘मुख्य जेवणाआधी’ अथवा ‘नंतर’ असे लिहावे. विरेचनीय औषध देताना कामाची वेळ विचारल्याखेरीज चिठ्ठी पूर्ण करू नये.

तिसरी, औषधविक्रेत्यांनी सूर्य-चंद्राच्या जागी थाळी आणि खाट अशी चित्रे वापरावीत. थाळीच्या आधी की नंतर हे बाणाने दाखवता येते. झोपेसाठी गोळी मागणाऱ्या कामगाराला चिठ्ठीविना गोळी देऊ नये. त्याला दोन प्रश्न विचारावेत, पाळी कोणती आणि झोपण्यापूर्वी काय खाता. परदेशी जाणाऱ्या ग्राहकाला औषधे मूळ वेष्टनात व चिठ्ठीसह न्यावयास सांगावे. आसव-अरिष्टे, तेले व घृते यांच्या मोठ्या बाटल्या हाताच्या सामानात चालत नाहीत. अरिष्टांतील मद्यांश आखाती देशांत अडचणीचा ठरू शकतो आणि धातुयुक्त कल्पांविषयी अमेरिकेतील अधिकारी साशंक असतात, याचीही कल्पना द्यावी.

चौथी सूचना सावधगिरीची. जो रुग्ण इन्शुलिन, मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबाची अथवा रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल त्याच्या त्या औषधांच्या वेळा आपण परस्पर बदलू नयेत. पाळी बदलताना अथवा परदेशी जाताना त्या कशा घ्याव्यात हे ज्यांनी ती सुरू केली त्या तज्ज्ञाला विचारून यावे, असे स्पष्ट सांगावे.

एक आक्षेप

आमच्या काही मित्रांचा आक्षेप असा की निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा. मूळ कारण रातपाळी आहे आणि ती बंद होत नाही तोवर आपण करतो ते वरवरचे ठरते. यात तथ्य आहे. पाळी किती तासांची असावी, किती दिवसांनी बदलावी, सुटीचा दिवस कोणता, यावर मालक, कामगार आणि शासन यांनी विचार केला पाहिजे, आणि वैद्य म्हणून आपण तो आग्रह धरला पाहिजे. आठवड्याला उलटणाऱ्या पाळीने देह कधीच स्थिरावत नाही, हे यंत्रमाग मालकांना सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे. त्यांच्यापैकी अनेक जण आपले रुग्ण आहेत. परंतु तो दिवस उजाडेपर्यंत कामगाराला आपण ‘रातपाळी सोडा’ एवढेच सांगून पाठवणार असू, तर ते घर चालवणाऱ्याला घर सोडा म्हणण्यासारखे आहे. जे कारण टळत नाही त्याचा आघात कमी करणे हीही चिकित्साच होय.

दिनचर्या हे आपल्या शास्त्राचे भूषण म्हणून आपण मिरवतो. ज्याचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो त्यालाही दिनचर्या असते आणि ती बसवून देणारा दुसरा कोणी या गावात नाही. पुढच्या तिमाहीत प्रत्येक वैद्यबंधूने आपल्या रुग्णांची पाळी केसपेपरवर नोंदवावी आणि औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीतील ‘रात्री’ या शब्दापाशी क्षणभर थांबून विचारावे, “तुमची रात्र कोणती?” एवढे झाले तरी अनेक चांगली औषधे केवळ वेळ चुकल्याने वाया जाणार नाहीत.